पिठ्ठू घेऊन रूट मार्च: भरती झालेल्या पोरांनो, तयारीत या चुका टाळा

सैन्यभरतीच्या मेरिट लिस्टमध्ये नाव लागलं की गावभर पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवसापासून पोरगं ग्राउंडवर यायचं बंद होतं. १६०० मीटर मारले, झालं काम, असं त्याला वाटतं. काही पोरं याच्या नेमकं उलट करतात. ट्रेनिंगमध्ये पिठ्ठू (पाठीवरची सामानाची सॅक) आणि रायफल घेऊन वीस-तीस किलोमीटर चालवतात, म्हणजे रूट मार्च करवतात, हे कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. मग घरातल्या जुन्या सॅकमध्ये वीस किलो वाळू भरून पहिल्याच दिवशी अजिंक्यतारा पळत चढायला निघतात. चूक दोघांचीही आहे, पण दुसऱ्याची जास्त महागात पडते.

फौजेतून आल्यापासून मी साताऱ्याकडच्या पोरांची तयारी करून घेतो. यातली बरीच बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात जातात, बाकीची इतर रेजिमेंटला. सगळ्यांना पहिल्या दिवशी मी एकच सांगतो. दम महिन्याभरात येतो, स्नायू दोन महिन्यांत तयार होतात, पण हाडाला तीन-चार महिने लागतात. ओझं पडायला लागलं की शरीर आधी जुनं हाड खरवडून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. त्यामुळे मधले काही आठवडे हाड उलट नाजूक असतं. नेमकं तेव्हाच पोराला जोर चढलेला असतो, दम लागत नाही, म्हणून तो वजन वाढवतो आणि नडगीला बारीक चीर जाते.

वजन आणि अंतर एकदम वाढवणं

साठ किलोच्या पोरानं आठ किलो आणि पाच किलोमीटरपासून सुरुवात करावी. एका आठवड्यात वजन वाढवलं तर अंतर तेवढंच ठेवा, पुढच्या आठवड्यात अंतर वाढवा आणि वजनाला हात लावू नका. दर चौथ्या आठवड्याला दोन्ही कमी करा. अशा दहा-बारा आठवड्यांत बारा ते पंधरा किलो घेऊन पंधरा किलोमीटर जमायला लागतं. घरी यापुढे जायची गरज नाही, पुढचं ट्रेनिंगमधले उस्ताद, म्हणजे शिकवणारे, करून घेतील.

पिठ्ठू आठवड्यातून एकदाच उचलायचा, रोज नाही. बाकीचे दोन-तीन दिवस पळा आणि दोन दिवस ताकदीचे ठेवा. ताकदीसाठी जिम हवीच असं नाही. तालमीतल्या बैठका, जोर, दोर चढणं, पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करणं, एवढं मनापासून केलं तरी मांड्या, पाठ आणि पोटऱ्या तयार होतात. पिठ्ठू घेऊन पळू मात्र नका. फौजेत बीपीईटीला (लढाईच्या तयारीची शारीरिक चाचणी) सामानासकट पळावं लागतं हे खरं, पण तो सराव तिथे टप्प्याटप्प्यानं होतो. घरी डांबरी रस्त्यावर ओझं घेऊन पळणं म्हणजे गुडघे आणि नडग्या आधीच खर्च करून जाणं. शेताचा बांध, मातीची वाट, मैदान यावर चाला.

वाळू, विटा आणि लोंबणारी सॅक

ओल्या वाळूची पिशवी सॅकच्या तळाला बसते, प्रत्येक पावलाला मागे ओढते आणि पोरगं कमरेतून वाकून चालायला लागतं. संध्याकाळी कंबर धरते ती त्यामुळे. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या उंचीवर हवी. तळाला घोंगडी नाहीतर जुनी चादर कोंबा, मध्ये वजन ठेवा आणि बाजूच्या फटी कपड्यांनी भरा. सॅक हलवून बघा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर परत भरा.

वजनासाठी मी पाण्याच्या बाटल्या वापरायला लावतो. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशेब सोपा. यवतेश्वरचा घाट चढलात की वर एखाद्या झाडाला निम्मं पाणी ओता आणि हलक्या पाठीनं उतरा. चढताना दम जातो, पण गुडघा दुखावतो तो उतरताना. पहिले दोन महिने हे जपाच.

खांद्याकडेही लक्ष असू द्या. पट्टा काखेच्या पुढच्या बाजूला रुतला की हाताकडे जाणाऱ्या नसा दाबल्या जातात आणि बोटांना मुंग्या येतात. अर्ध्या तासानं पट्ट्यांची जागा थोडी बदला, आणि थांबलात की पिठ्ठू खाली उतरवा. हात वर उचलताना ताकद कमी वाटली आणि ती दुसऱ्या दिवशीही परतली नाही, तर डॉक्टरला दाखवा.

रायफलचीही सवय लागते. इन्सास रिकामी असली तरी चार किलोच्या थोडी वर भरते, आणि ती धरलेली असताना हात झुलत नाहीत. घरी एक जाड काठी दोन्ही हातांत धरून चालून बघा, चाल किती बदलते ते कळेल.

बूट आणि पाय

रूट मार्चला मागे पडणाऱ्यांपैकी निम्म्यांचा दम संपलेला नसतो, पाय सोललेले असतात. म्हणून यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो.

नवे डीएमएस बूट (फौजेतले जाड तळव्याचे चामडी बूट) घालून पहिल्याच दिवशी दहा किलोमीटर जाऊ नका. आधी घरात तासभर, मग बाजारापर्यंत, मग पाच किलोमीटर, तेही बिनओझ्याचं. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जे मोजे घालून चालणार तेच घालून बघा. पुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा हवी आणि पायरी चढताना टाच आत वर उचलली जायला नको. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओली कातडी लवकर सुटते. आत पातळ नायलॉनचा आणि वरून जाड लोकरीचा मोजा घातला की घर्षण दोन मोज्यांमध्ये होतं, कातडीवर होत नाही. एक कोरडा जोड पिशवीत ठेवून अर्ध्या वाटेत बदला.

गेल्या उन्हाळ्यात घाटाच्या तिसऱ्या वळणावर एक पोरगा पाय ओढायला लागला. बसवून बूट काढला. टाचेच्या मागे रुपयाएवढा भाग गुलाबी झाला होता, बोट लावलं तर बाकीच्या पायापेक्षा गरम. फोड अजून धरला नव्हता. पाय पुसून कोरडा केला, पांढऱ्या मेडिकल टेपचा तुकडा कापला, त्याचे कोपरे गोल केले, एकही सुरकुती न ठेवता चिकटवला आणि मोजा बदलला. पाच मिनिटं गेली, पण पोरगा पुढचे आठ किलोमीटर नीट चालला. अजून अर्धा तास तसाच रेटला असता तर आठवडाभर चप्पल घालून फिरावं लागलं असतं. टाच गरम लागली की तिथेच थांबायचं. फोड यायची वाट बघायची नाही.

फोड आलाच आणि तो लहान असेल तर तसाच ठेवा, वरून झाका. मोठा, ताणलेला असेल तर हात धुवा, सुई स्पिरिटनं पुसा, कडेला दोन ठिकाणी टोचून पाणी दाबून काढा. वरची कातडी अजिबात ओढून काढू नका, तीच तुमची मलमपट्टी आहे. पू दिसला किंवा लाली वर चढायला लागली तर घरचे उपाय बंद करा आणि दवाखाना गाठा.

पाणी आणि ऊन

कमी पिणं ही चूक सगळ्यांना माहीत असते. नुसतं साधं पाणी ढोसत राहणंही तितकंच घातक आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. घामातून मीठ जातं, वरून पाणीच पाणी पडतं, रक्तातलं सोडियम उतरतं, आणि मग डोकं दुखतं, उलट्या होतात, पोरगा बावचळतो. त्याला अजून पाणी पाजलं तर प्रकरण जिवावर बेततं. तहानेच्या अंदाजानं घोट-घोट प्या. तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका. लांब चालीत मीठ घातलेलं ताक, ओआरएस, गूळ-शेंगदाणे असू द्या.

उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. पाचगणी-महाबळेश्वरकडच्या पोरांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. थोडं-थोडं उन्हात चालत सवय करा. ताप असेल किंवा जुलाब झाले असतील तर त्या दिवशी चालायचं नाही. दुखतंय म्हणून निघताना पेनकिलर खाऊन जाऊ नका, शरीरात पाणी कमी असताना त्या गोळ्या मूत्रपिंडावर येतात.

शेजारचा असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, तर तो उष्माघात समजा. पिठ्ठू उतरवा, सावलीत घ्या, कपडे सैल करा, मिळेल तेवढं गार पाणी अंगावर ओता, वारा घाला. एकानं गाडीसाठी फोन करावा, पण अंग गार करणं एक क्षणही थांबवायचं नाही. गाडी येईपर्यंत नुसतं बघत बसलेल्या मिनिटांत माणूस जातो.

दुखणं लपवणं

चाल करून आलेल्या सैनिकांचे पाय सुजतात आणि दुखतात, हे ब्राइटहॉप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरनं १८५५ मध्ये लिहून ठेवलं. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, म्हणून आत हाडाला चीर असते हे पुढे कळलं. आजही सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ती साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाही.

मी रिक्रूट असताना डाव्या नडगीचं दुखणं चौदा दिवस लपवलं. सिक रिपोर्ट केला, म्हणजे आजारी असल्याचं कळवलं, तर उस्ताद कामचुकार म्हणतील, ही भीती. पंधराव्या दिवशी पाय टेकवेना. प्लास्टर लागलं, रेलिगेट झालो, म्हणजे मागच्या बॅचमध्ये टाकला गेलो, आणि माझ्या बॅचची कसम परेड (ट्रेनिंग संपल्यावरची शपथेची परेड) मी कुबड्या घेऊन कडेला उभं राहून पाहिली. आई-वडील गावाहून यायचे होते, त्यांना येऊ नका म्हणून कळवावं लागलं. पहिल्या दोन दिवसांत एमआय रूमला (युनिटच्या दवाखान्यात) गेलो असतो तर थोड्या विश्रांतीवर भागलं असतं.

घरीच ओळखायला शिका. संपूर्ण नडगी ठणकत असेल आणि चालता-चालता मोकळी होत असेल, तर बहुधा स्नायूचं आहे, दोन-तीन दिवस विश्रांती द्या. पण एका बोटानं दाबल्यावर नेमक्या एका ठिकाणी कळ येत असेल, चालताना ती वाढत असेल किंवा रात्री पडल्यावरही दुखत असेल, तर पिठ्ठू बंद, पळणं बंद, आणि हाडाच्या डॉक्टरला दाखवा. त्यांना नुसतं पाय दुखतो म्हणू नका, किती किलो घेऊन किती चालत होता ते सांगा.

ट्रेनिंगला हजर व्हायच्या आधीच्या आठवड्यात पिठ्ठूला हात लावू नका. हलकं पळा, झोप भरून काढा. तीन-चार दिवस आधी पायाची नखं सरळ कापा, कोपरे खोल घेऊ नका. पेटीत मेडिकल टेपचे दोन रोल, पातळ मोज्यांचे चार जोड आणि फूट पावडरचा एक डबा टाका.