बँड सहावर अडकलाय? मॉक टेस्ट वाढवण्याआधी या चुका तपासा

आयईएलटीएस अकॅडमिक, म्हणजे परदेशी विद्यापीठांत प्रवेशासाठी द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीत अडकलेल्या बहुतेकांचा दिनक्रम सारखाच असतो. रोज एक मॉक टेस्ट, आन्सर-की समोर धरून बेरीज, थोडी हळहळ आणि दुसऱ्या दिवशी पुढची टेस्ट. महिनाभराने बँड (या परीक्षेचा ० ते ९ मधला गुणांक) तिथेच असतो, कारण टेस्ट फक्त मोजते, शिकवत नाही. माझ्या मते एक टेस्ट दिल्यावर पुढचे दोन दिवस तिच्याच चुका उकलण्यात गेले पाहिजेत. एका वहीत प्रत्येक चुकीच्या उत्तरापुढे कारण लिहा: शब्द माहीत नव्हता, ऐकूच आला नाही, सूचना वाचली नाही, की वेळ संपला? लिसनिंग आणि अकॅडमिक रीडिंगमध्ये ४० पैकी साधारण २३ बरोबर आले तर बँड ६ मिळतो, ३० आले तर ७. म्हणजे प्रश्न सातच उत्तरांचा आहे. ती कुठे जातात हे या वहीतून कळते, आणि त्यातली निम्मी इंग्रजी कच्चे म्हणून गेलेलीच नाहीत असेही अनेकदा दिसते.

लिसनिंगमध्ये हे सर्वांत स्पष्ट दिसते. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ अशी सूचना असताना तीन शब्द लिहिले, तर अर्थ अचूक असूनही गुण शून्य. अनेकवचनाचा ‘एस’ राहिला किंवा स्पेलिंग चुकले तरी तेच. (ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंग चालतात, त्याची काळजी नको.) ऑडिओ एकदाच ऐकवतात, म्हणून हुकलेल्या उत्तरापाशी रेंगाळू नका, एकाचा शोक करताना पुढची दोन निघून जातात. कागदावरची परीक्षा जिथे होते तिथे उत्तरे उतरवायला १० मिनिटे मिळतात, कॉम्प्युटरवर तपासायला फक्त २. घरी सराव एका पद्धतीने आणि परीक्षा दुसऱ्या पद्धतीने, असे करू नका.

रीडिंगला ६० मिनिटांत तीन उतारे आणि ४० प्रश्न असतात, आणि उत्तरे उतरवायला वेगळा वेळ नसतो. उतारा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चवीने वाचणाऱ्यांचा तिसरा उतारा हमखास अर्धवट राहतो. दुसरी अडचण ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ची. समजा, उताऱ्यात म्हटले आहे की शहरात सायकलींचा वापर वाढला. विधान ‘वापर घटला’ असेल तर फॉल्स. ‘सरकारी अनुदानामुळे वाढला’ असेल आणि उताऱ्यात अनुदानाचा उल्लेखच नसेल, तर नॉट गिव्हन. इथे हुशार माणसेच जास्त फसतात, कारण ती स्वतःचे सामान्यज्ञान वापरून रिकामी जागा भरतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा कोरी सोडू नका.

खरी गळती मात्र रायटिंगमध्ये होते. एका तासात दोन टास्क: पहिला ग्राफसारख्या माहितीच्या वर्णनाचा, किमान १५० शब्दांचा, दुसरा निबंधाचा, किमान २५० शब्दांचा. दुसऱ्याचे वजन पहिल्याच्या दुप्पट असते. तरीही ग्राफचे आकडे सुबकपणे मांडण्यात अनेक जण अर्धा तास घालवतात आणि निबंध धावतपळत संपवतात. पहिल्याला २० मिनिटे झाली की थांबा, वाक्य अर्धे असेल तर ते पूर्ण करून.

पहिल्या टास्कची नेहमीची चूक म्हणजे ओव्हरव्ह्यू न देणे. प्रत्येक वर्षाचा आकडा येतो, पण एकूण काय वाढले, काय घटले, सर्वांत जास्त कोण, हे दोन वाक्यांत येतच नाही. मग प्रश्नाला किती पूर्ण उत्तर दिले या निकषावर बँड पाचच्या पुढे जाणे अवघड. उलट, ग्राफमध्ये नसलेली कारणे शोधून लिहिणारेही खूप. ती कोणी विचारलेलीच नसतात.

दुसऱ्या टास्कमध्ये सगळ्यात महाग पडतो तो पाठ केलेला साचा. ‘इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड’ने सुरू होणारा परिच्छेद परीक्षक लगेच ओळखतो, आणि त्यानंतर तुमचे स्वतःचे साधे वाक्य आले की फरक उघडा पडतो. चार निकषांना सारखे गुण असतात: प्रश्नाचे उत्तर, मांडणी, शब्दसंपत्ती, व्याकरण. प्रश्नात ‘दोन्ही बाजू मांडा आणि तुमचे मत द्या’ असेल आणि मत शेवटच्या ओळीत उरकले असेल, तर भारी शब्दांनी ती उणीव भरून निघत नाही. लिहायला बसण्याआधी पाच मिनिटे मुद्दे काढा. आणि लिहिलेले कोणाकडून तरी तपासून घ्या. नमुना उत्तरे वाचून आपल्या चुका दिसत नाहीत. मराठी बोलणाऱ्यांनी आर्टिकलसाठी (‘अ’, ‘ॲन’, ‘द’) वेगळी फेरी मारावी, कारण ती गाळण्याची आपल्याला इतकी सवय असते की डोळ्यांना खटकतच नाही.

स्पीकिंग ११ ते १४ मिनिटांचे असते. परदेशी ॲक्सेंट आणण्याचा खटाटोप सोडा; उच्चार समजण्याजोगा असणे पुरेसे आहे. मत पटण्याजोगे आहे की नाही यालाही गुण नसतात. परीक्षकाने मध्येच थांबवले तर बिथरू नका, त्याला वेळ पाळायची असते. क्यू कार्डावर (बोलायचा विषय दिलेल्या कार्डावर) एक मिनिट तयारी आणि दोन मिनिटांपर्यंत बोलणे, एवढे रोज मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. आपण कुठे अडखळतो हे त्यात लगेच सापडते.

अर्ज भरण्याआधी बँडची अट नीट वाचा. लिसनिंग ८, रीडिंग ७.५, रायटिंग ६ आणि स्पीकिंग ६.५ असेल तर सरासरी ७ येते, पण विद्यापीठाने प्रत्येक भागात ६.५ मागितले असेल तर हा निकाल चालणार नाही. अशा एकाच भागाने घात केला असेल आणि परीक्षा कॉम्प्युटरवर दिली असेल, तर मूळ परीक्षेपासून ६० दिवसांत ‘वन स्किल रीटेक’, म्हणजे फक्त त्याच भागाची फेरपरीक्षा, देता येतो, जिथे ती सोय आहे तिथे. सगळ्या संस्था तो निकाल स्वीकारत नाहीत, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी संस्थेला ईमेल करून विचारा.