आई-बाबा दोघंही नोकरीला असतील तर शाळेची सकाळ कशी काढायची

सकाळी सहा ते साडेसात घरात जी आरडाओरड चालते ना, ती कामामुळे कमी आणि विचारण्यामुळे जास्त असते. सॉक्स कुठेयत, आज पीटीचा ड्रेस की नेहमीचा, डब्यात काय देऊ, डायरीवर सही कोणी केली, वॅनवाल्या भैयांचे पैसे दिले का. एकेका प्रश्नाला उत्तर द्यायला काही वेळ लागत नाही, पण सगळे प्रश्न एकाच माणसाकडे येतात आणि ते माणूस तेव्हा गॅससमोर उभं असतं, एका हातात लाटणं आणि दुसऱ्या हातात मोबाइल. म्हणून सांगतो, अजून लवकर उठून काही होत नाही. दोन गोष्टी करा, सकाळी पडणारे प्रश्न आदल्या रात्रीच संपवा आणि प्रत्येक काम पूर्णच्या पूर्ण एकाच्या नावावर टाका.

दुसरी गोष्ट आधी घेतो कारण भांडणं तिथेच होतात. आम्ही इंदूरचे, आमच्याकडे बायको सकाळच्या शिफ्टला पीथमपूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत जाते, कंपनीची बस राजेंद्रनगरच्या कोपऱ्यावरून निघते, त्यामुळे मुलांना शाळेत धाडणं आणि डबा हे माझं खातं आहे, आणि शाळेचे मेसेज, फी, कपडे हे तिचं. आता डबा माझा म्हणजे नुसतं पोळ्या लाटून भरणं नाही, उद्या काय करायचं ते ठरवणं, तोंडली संपलीत हे लक्षात ठेवणं, संध्याकाळी दप्तरातून रिकामा डबा काढून विसळणं, हे सगळं माझं. तिने येऊन "अरे, उद्याची भाजी आणलीस का?" विचारलं की समजायचं काम अजून तिच्याच डोक्यात आहे, माझे फक्त हात चालतायत. अशी अर्धी-अर्धी वाटणी माणसाला फार थकवते. दुसऱ्याची पद्धत वेगळी असली तरी चालू द्या, तो पोळ्या जाड करतो म्हणून काम परत आपल्याकडे ओढून घेऊ नका.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याशीही स्पष्ट बोलून घ्या. आपण धरूनच चालतो की आजी आहे ना, बघेल. तसं नको. "आई, बुधवारी तिला साडेबाराला वॅनमधून उतरवून घ्याल का, की तुमचं त्या दिवशी भजनीमंडळ असतं?" असं विचारा आणि त्या नाही म्हणाल्या तर दुसरी सोय बघा. गुडघे दुखत असताना रोज जिना चढ-उतर करायला लावणं बरोबर नाही, आणि त्या स्वतःहून तोंडाने बोलणारही नाहीत.

आता रात्रीचं. जेवणं झाली की वीसेक मिनिटं. दप्तर मुलांनीच भरायचं, आपण फक्त टाइमटेबल वाचून दाखवायचं, पहिली-दुसरीची मुलंही महिनाभरात शिकतात. कॉप्या म्हणजे वह्या, पेन्सिल टोक काढून, पाण्याची बाटली दप्तराशेजारी. युनिफॉर्म एका हँगरवर पूर्ण लावून ठेवा, म्हणजे शर्ट, पँट, बेल्ट, आयकार्ड आणि सॉक्सची जोडी त्याच हँगरला क्लिपने. सॉक्स मी मुद्दाम म्हणतोय कारण सकाळची दहा मिनिटं तेच खातात. एकाच रंगाचे, एकाच मापाचे पाच-सहा जोड घ्या, एक हरवला तरी जोडी जमते.

शाळेच्या ग्रुपवर मेसेज रात्री साडेनऊला येतो की उद्या पिवळे कपडे घाला किंवा चार्ट पेपर आणा, त्या वेळी कुठलं स्टेशनरीचं दुकान उघडं असतंय. घरात एक खोकं करून ठेवा: पांढरे आणि रंगीत चार्ट पेपर, फेविकॉल, ग्लेझ पेपर, ब्राउन कव्हर, लेबलं, स्केचपेन, मुलांचे पासपोर्ट फोटो आणि थोडे सुटे पैसे. ज्याच्या खात्यात मेसेज आहेत त्याने रात्री एकदा बसून ग्रुप वाचायचा आणि कामाचं तेवढं फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहायचं, मग दिवसभर दर मिनिटाला फोन बघावा लागत नाही. जानेवारीत मात्र झोपायच्या आधी परत एकदा बघा, थंडी वाढली की कलेक्टर ऑफिसचा आदेश येतो आणि शाळेची वेळ पुढे जाते, आणि ती बातमी बऱ्याचदा रात्रीच पोचते. ज्यांचं ऑफिस पुण्या-बंगळूरच्या कंपनीचं आहे त्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच रंगपंचमीची रजा टाकून ठेवा. इंदुरात गेर म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक निघते, शाळा बंद असतात, राजवाड्याकडचे रस्ते बंद, आणि तुमच्या पुण्याच्या मॅनेजरला होळीनंतर पाचव्या दिवशी तुम्हाला सुट्टी का हवी ते ऐनवेळी समजावत बसावं लागतं.

डब्यावर जरा सविस्तर बोलतो. आठवड्याचे डबे रविवारीच ठरवा, मुलांना समोर बसवून, आणि त्यांना त्यातले दोन दिवस निवडू द्या. स्वतः निवडलेलं ते बरंच संपवतात. कणीक रात्री भिजवली तर वरून तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी थोडी काळपट दिसते ती हवेशी संबंध आल्यामुळे, एका रात्रीच्या कणकेला काही होत नाही. पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा नाहीतर पोळ्या लाटताना फाटतात. भाजणी घरात असेल तर थालीपीठ, मेथी किंवा दुधीचे ठेपले, मुगाचं धिरडं, हे गार झालं तरी चांगलं लागतं. पोहे आपल्या गावाचा जीव आहेत पण डब्यासाठी मी नाही म्हणेन, चार तासांनी कोरडे पडतात आणि मुलांच्या घशाखाली उतरत नाहीत, द्यायचेच तर जास्त कांदा-मटार घालून, लिंबू पिळून, आणि शेव वेगळ्या छोट्या डबीत. भुट्ट्याचा कीस दुधात शिजवलेला असतो, तो संध्याकाळी घरी गरमच खावा, पावसाळ्यात तर डब्यात देऊच नका.

रात्रीच्या भाताबद्दल एक नक्की सांगायचंय. फोडणीचा भात डब्यात द्यायचा असेल तर रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवू नका, जेवणं झाली की लगेच, शिजल्यापासून दोन तासांच्या आत पसरट भांड्यात घालून फ्रिजमध्ये टाका. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, ते भात शिजवूनही मरत नाहीत, भात बाहेर राहिला की वाढतात आणि त्यातून जे विष तयार होतं ते सकाळी परत गरम करूनही जात नाही. मे महिन्याच्या गरमीत तर भाताचा डबा टाळलेलाच बरा.

आणि डबा भरून परत आला की भाजीला दोष द्यायच्या आधी झाकण बघा. गरमागरम पोळी-भाजी भरून घट्ट क्लिपचं झाकण लावलं की आतली हवा गार होताना आकसते, झाकण खाली खेचलं जातं आणि सहा वर्षांच्या बोटांना ते उघडतच नाही. मूल दोनदा ओढून बघतं, टीचरना सांगायला लाजतं, आणि डबा तसाच दप्तरात ठेवून देतं. शिवाय वाफेचं पाणी होऊन पोळी चिकट होते. पोळ्या जाळीवर किंवा फडक्यावर दोन मिनिटं निवू द्या, भाजी वाटीत काढून वाफ जाऊ द्या, मग झाकण लावा. नवीन डबा आणला की रविवारी घरी त्यातच जेवायला द्या, स्वतः उघडून, स्वतः बंद करून. बंद करणं जास्त अवघड असतं, तेही करून घ्या, नाहीतर वरणाचं पाणी कॉप्यांवर. सफरचंद कापून देत असाल तर फोडी चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवून धुवून घ्या, लाल पडत नाहीत.

आपल्या गावातल्या दोन गोष्टी सकाळच्या हिशोबात धरायलाच लागतात. एक नळ. नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरून जलूदहून येतं आणि बहुतेक कॉलन्यांत एक दिवसाआड मिळतं, तर कॅलेंडरवर नळाच्या दिवशी खूण करा आणि कपडे धुणं, मुलांचे केस धुणं त्याच दिवसांवर टाका. टाकी भरली की वाजणारा अलार्म बसवून घ्या, स्वस्त मिळतो, पोळी तव्यावर सोडून गच्चीत पळावं लागत नाही. दुसरी कचरागाडी. गाडीत ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरातला घातक आणि ई-वेस्ट असे वेगळे कप्पे असतात, मिसळून दिलं तर गाडीवाले परत देतात आणि तेव्हाच नेमकी वॅन हॉर्न वाजवत असते. रात्री ओटा पुसतानाच डबे वेगळे करून दाराशी ठेवा. डायपर कागदात गुंडाळून वेगळं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे काम द्या आणि त्याला कारणही सांगा, की ओला कचरा देवगुराडियाला जातो, तिथे 2022 मध्ये सुरू झालेल्या प्लांटमध्ये दिवसाला 550 टन कचऱ्यापासून गॅस बनू शकतो, आणि प्लास्टिक मिसळलं तर ते सगळं आधी निवडावं लागतं. मुलांना हे आवडतं, ती मग आपल्यालाच टोकतात की बाबा, दुधाची पिशवी यात नाही टाकायची.

झोपेचं गणित उलटं मांडा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. सव्वासहाला उठवायचं असेल तर नऊला डोळे मिटलेले हवेत, म्हणजे साडेआठला अंथरुणात, म्हणजे पावणेआठला जेवण. सुपर कॉरिडॉर किंवा विजयनगरहून घरी पोचायलाच ज्यांना साडेसात होतात त्यांनी मुलांचं जेवण आपल्यासाठी थांबवून ठेवू नये. एकत्र जेवायची इच्छा मला समजते, मलाही तेच वाटतं, पण आठवड्यात शनिवार-रविवार एकत्र जेवा आणि बाकी दिवस ती जेवत असताना फोन बाजूला ठेवून नुसते शेजारी बसा. सकाळी उठवताना लाइट लावा, पडदा उघडा, हाक एकदाच मारा आणि पाठीवर हात ठेवून मिनिटभर थांबा. स्वयंपाकघरातून पाच वेळा ओरडण्यापेक्षा यात वेळ कमी जातो.

राहिलं अचानकचं. वॅन आली नाही, किंवा अकरा वाजता शाळेतून फोन आला की ताप आहे, घेऊन जा. तेव्हा तुम्ही मीटिंगमध्ये आणि बायको पीथमपूरला, मग फोनवर "तू जा, मी जाऊ" सुरू होतं. आधीच ठरवा की सम तारखेला एकाने निघायचं, विषम तारखेला दुसऱ्याने, आणि दोघांनाही जमत नसेल तर शेजारच्या कोणत्या काकू किंवा कोणता मामा जाईल. त्यांना विचारून घ्या, त्यांच्या मुलांसाठी तुम्हीही जाल हे सांगा. मग शाळेच्या ऑफिसात मूल न्यायची परवानगी असलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव, नंबर आणि फोटो देऊन या, कारण त्याशिवाय गेटवरून मूल कोणाच्या हाती देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.