हिवाळ्यातले ब्राशोव्ह : तटबंदीच्या शहरात फिरण्याची आखणी

रुमानियातील ब्राशोव्ह हे कार्पेथियन पर्वताच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर वसलेले मध्ययुगीन शहर आहे. ट्रान्सिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन, म्हणजेच सॅक्सन व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी ते वाढवले व तटबंदीने वेढले. जुने शहर आटोपशीर असल्यामुळे ते पूर्णपणे पायी पाहता येते. मात्र हिवाळ्यात जाणाऱ्याने उजेड किती तास मिळणार आणि पायाखाली बर्फ कसा असणार, या दोन गोष्टींचा विचार सर्वांत आधी करावा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठच्या सुमारास उजाडते आणि सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. रात्रीचे तापमान शून्याखाली दहा अंशांच्याही खाली जाऊ शकते.

व्हिसाचा प्रश्न आता सोपा झाला आहे. रुमानिया 31 मार्च 2024 पासून हवाई व सागरी मार्गांसाठी आणि 1 जानेवारी 2025 पासून जमिनीवरील सीमांसाठीही शेंगेन या युरोपातील सामाईक व्हिसा क्षेत्रात सामील झाल्यामुळे भारतीय पासपोर्टधारकांना शेंगेन व्हिसावर तेथे जाता येते. चलन मात्र युरो नसून लेऊ आहे, म्हणून थोडे स्थानिक पैसे जवळ ठेवावेत.

बुखारेस्टहून ब्राशोव्ह सुमारे 166 किलोमीटरवर आहे. शनिवार-रविवारी स्कीइंगसाठी निघालेल्या मोटारींमुळे डोंगरातला महामार्ग तुंबतो, त्यामुळे हिवाळ्यात रेल्वेच बरी. बुखारेस्टच्या गारा दे नोर्द स्थानकातून निघालेली गाडी साधारण तीन तासांत प्राहोवा खोऱ्यातून वर चढते आणि हजार मीटरहून उंच असलेले प्रेदेआल ओलांडून ब्राशोव्हला उतरते. गाडीच्या दिशेने तोंड करून डाव्या बाजूची खिडकी मिळवावी. सिनायाच्या पुढे बुचेज पर्वताचे बर्फाळ कडे त्याच बाजूला दिसतात. स्थानक नव्या शहरात असून जुन्या गावापासून काही किलोमीटर दूर आहे, तेव्हा सामान घेऊन बर्फातून चालत जाण्याऐवजी बस किंवा टॅक्सी करावी. मुक्काम जुन्या गावातच असावा, कारण दुपारी अंगात थंडी भरली की खोलीवर परतून पुन्हा बाहेर पडता येणे ही मोठी सोय असते.

कपड्यांपेक्षा बुटांवर अधिक लक्ष द्यावे, असे माझे ठाम मत आहे. जुन्या गल्ल्यांत दगडी फरसबंदी आहे. दिवसा वितळलेले पाणी रात्री त्या दगडांच्या फटींत गोठते आणि सकाळी वरून कोरडा दिसणारा दगडही निसरडा असतो. खोल खाचांचा रबरी तळवा असलेले, पाणी न शिरणारे बूट घ्यावेत. घरे, दुकाने आणि उपाहारगृहे आतून चांगली उबदार असल्याने एकाच जाड कोटापेक्षा सहज काढता येणारे थर सोयीचे पडतात. ऊन पडल्यावर उतरत्या छपरांवरून बर्फाचे थर आणि सुळे खाली कोसळतात. अशा वेळी भिंतीला चिकटून चालू नये आणि पदपथावर फीत बांधलेली असेल तर तो भाग वळसा घालून टाळावा.

सकाळची सुरुवात पियात्सा स्फातुलुई या मुख्य चौकातून करून तेथून काळ्या चर्चकडे जावे. गॉथिक शैलीची ही भव्य वास्तू पंधराव्या शतकात पूर्ण झाली आणि 1689 च्या आगीनंतर तिला काळे चर्च हे नाव पडले. आत बाल्कन्यांच्या कठड्यांवर आणि भिंतींवर तुर्की गालिचे लटकवलेले आहेत. पूर्वेकडच्या व्यापारातून आलेले हे गालिचे सॅक्सन कुटुंबांनी आणि कारागिरांच्या संघांनी चर्चला अर्पण केले. त्यांच्याकडे घाईने पाहू नये. जवळ गेल्यावर लाल लोकरीतली झिजलेली जागा आणि किनारीची वीण स्पष्ट दिसते, आणि हे शहर कशावर श्रीमंत झाले ते तेथे सर्वांत चांगले कळते. हिवाळ्यात दर्शनाच्या वेळा कमी असतात आणि रविवारी सकाळी प्रार्थना असते, म्हणून वेळ आदल्या दिवशीच तपासावी.

दुपारचा उजेड तटबंदीसाठी राखून ठेवावा. दक्षिणेकडचा तांपा डोंगर गावाहून सुमारे 400 मीटर उंच उभा असल्याने त्याच्या पायथ्याशी हिवाळ्यात सावली फार वेळ रेंगाळते आणि तिथला बर्फ लवकर विरघळत नाही. याच बाजूला विणकरांचा बुरूज आहे. तटाचा एकेक भाग सांभाळण्याची जबाबदारी एकेका कारागीर संघाकडे असे, त्याचा हा उत्तम नमुना. समोरच्या टेकडीवर पांढरा आणि काळा असे दोन मनोरे आहेत. तेथे दुपारीच चढावे, कारण सकाळी सूर्य समोरून डोळ्यांवर येतो, तर दुपारनंतर छपरे, चर्च आणि मागचा तांपा नीट दिसतात. खाली तटामागून ओढ्याकाठी जाणारी वाट मला चौकापेक्षाही अधिक आवडते: पाने गळून गेल्याने तटाची सलग दगडी भिंत पूर्ण दिसते.

तांपावर जाणारा रोपवे जोरदार वाऱ्यात बंद राहू शकतो. या भागातील जंगलात तपकिरी अस्वले आहेत आणि सगळीच हिवाळाभर झोपत नाहीत, त्यामुळे अंधार पडू लागल्यावर डोंगरातल्या पायवाटांवर जाऊ नये. संकटात 112 या क्रमांकावर संपर्क साधावा.

तटबंदीतला एकातेरिना दरवाजा 1559 चा असून त्याच्या टोकदार छपराभोवती चार छोटे मनोरे आहेत. तटाबाहेरचा श्केई हा रुमानियन लोकांचा जुना भाग. तेथे संत निकोलसचे चर्च आणि त्याच्या आवारातील पहिली रुमानियन शाळा पाहावी.

शाकाहारी प्रवाशांना नाताळापूर्वीचा काळ विशेष सोयीचा आहे. 15 नोव्हेंबर ते 24 डिसेंबर या ऑर्थोडॉक्स उपवासाच्या काळात अनेक ठिकाणी ‘दे पोस्त’ असे लिहिलेले पदार्थ मिळतात; त्यांत मांस, दूध व अंडी नसतात, मात्र मासे आहेत का हे विचारून घ्यावे. मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला पदार्थ, बहुतेक ठिकाणी असतो. घेवड्याच्या आंबट सुपात एरवी धुरावलेले मांस घालण्याची पद्धत आहे, हे लक्षात ठेवावे.

बर्फात खेळायचे असल्यास जुन्या गावाच्या कडेच्या लिवादा पोश्तेई थांब्यावरून 20 क्रमांकाची बस पोयाना ब्राशोव्ह या स्कीइंगच्या ठिकाणी जाते. सुमारे 30 किलोमीटरवरच्या ब्रान किल्ल्यासाठी वेगळा अर्धा दिवस काढावा. ड्रॅक्युलाच्या नावामुळे तेथे गर्दी असते, पण वेळ एकच दिवसाचा असेल, तर तो ब्राशोव्हलाच द्यावा.