कॅलिब्रेशन आधी, प्रोफाइल नंतर : डिजिटल छपाईत रंग जुळवण्याची रीत

एखाद्या लग्नपत्रिकेच्या पाचशे प्रती डिजिटल यंत्रावर छापल्या आणि आठवड्याने त्याच फाइलच्या आणखी शंभर प्रती काढल्या, तर दोन्हींतला कुंकवाचा लाल रंग क्वचितच तंतोतंत जुळतो. फाइल तीच आणि कागद तोच असला, तरी यंत्राची अवस्था मधल्या काळात बदललेली असते. हवेतला ओलावा, तापमान, प्रतिमा उमटवणाऱ्या ड्रमची झीज आणि टोनरची, म्हणजे भुकटीरूप शाईची, स्थिती या सगळ्यांचा परिणाम रंगाच्या घनतेवर होतो. यंत्राला पुन्हा ठरलेल्या अवस्थेत आणणे म्हणजे कॅलिब्रेशन, आणि त्या अवस्थेत यंत्र विशिष्ट कागदावर कोणता रंग कसा छापते याची मोजून केलेली नोंद म्हणजे प्रोफाइल. बहुतेक घोटाळे ही दोन कामे एकच समजल्यामुळे किंवा त्यांचा क्रम उलटल्यामुळे होतात. अस्थिर यंत्राची प्रोफाइल कितीही महागड्या उपकरणाने बनवली, तरी ती दुसऱ्या दिवशी खोटी ठरते.

सुरुवात मॉनिटरपासून करावी, मात्र त्यावर फार वेळ घालवू नये. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून मापक उपकरणाने तो ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटांची उजळता ठरवणारा आकडा) २.२ आणि सुमारे १२० कँडेला प्रति चौरस मीटर एवढ्या प्रकाशमानावर आणावा. छपाईच्या दुकानांतले मॉनिटर बहुधा याहून बरेच प्रखर ठेवलेले असतात, आणि छापील प्रत ‘काळपट आली’ ही तक्रार पुष्कळदा तिथूनच येते.

यंत्राच्या कॅलिब्रेशनआधी कागदाकडे पाहावे. टोनर विद्युतभाराच्या बळावर कागदावर ओढला जातो. कागद दमट असला की त्याचा विद्युतरोध घटतो, टोनर सारखा बसत नाही आणि सपाट रंगात डाग दिसू लागतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हा त्रास हमखास जाणवतो. म्हणून यंत्राच्या खोलीत आर्द्रता शक्यतो ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी, कागद त्याच खोलीत आणून ठेवावा आणि तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत रिमचे वेष्टन फोडू नये. यंत्र नीट तापल्यावर रिपमधून, म्हणजे फाइलचे छपाईयोग्य ठिपक्यांत रूपांतर करणाऱ्या प्रणालीतून, कॅलिब्रेशनचा तक्ता छापावा, स्पेक्ट्रोफोटोमीटरने (रंग मोजणाऱ्या उपकरणाने) किंवा यंत्रातल्याच सेन्सरने तो वाचावा आणि नवे मापन साठवावे. हे काम रोज पहिली ऑर्डर घेण्यापूर्वी करावे, टोनर किंवा ड्रम बदलल्यावर पुन्हा करावे. छपाईत पट्टे येत असतील किंवा ड्रम झिजला असेल, तर आधी दुरुस्ती करून घ्यावी, कारण कॅलिब्रेशन यांत्रिक दोष झाकू शकत नाही.

प्रोफाइल प्रत्येक प्रकारच्या कागदासाठी वेगळी लागते. ग्लॉसी आर्ट पेपरची प्रोफाइल मॅट कागदाला चालत नाही. इंकजेट यंत्रावर आधी शाईची कमाल मर्यादा ठरवून घ्यावी, नाहीतर गडद भागात शाई पसरते. मग रंगतक्ता छापावा. सीएमवायके, म्हणजे निळसर (सायन), किरमिजी (मॅजेंटा), पिवळा आणि काळा या चार रंगांत छापणाऱ्या, यंत्रांसाठी प्रचलित असलेल्या आयटी ८.७/४ या तक्त्यात १६१७ चौकोन असतात. तो छापताना रंगांचे सर्व रूपांतर बंद असलेच पाहिजे. ते बंद करायचे राहून गेले तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. इंकजेटची प्रत पूर्ण वाळू द्यावी आणि मगच मोजावी. आजच्या बहुतेक पांढऱ्याशुभ्र कागदांत अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश सोडणारी द्रव्ये असतात, त्यामुळे एम१ पद्धतीने, म्हणजे ठरावीक प्रमाणात अतिनील किरण असलेल्या प्रकाशात, मोजणे श्रेयस्कर, आणि पुढची तपासणीही त्याच पद्धतीने करावी. प्रोफाइलच्या नावात यंत्र, कागद, जीएसएम (कागदाचे दर चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) आणि तारीख लिहावी.

आता वापराकडे वळू. आयसीसी (इंटरनॅशनल कलर कन्सोर्टियम) ही संस्था १९९३ साली स्थापन झाली आणि तिने प्रोफाइलचा सर्वमान्य आराखडा दिला. त्यामुळे ग्राहकाच्या फोटोसोबत आलेली एसआरजीबी (पडद्यावरच्या रंगांसाठीची प्रचलित) प्रोफाइल काढून टाकू नये, कारण तिच्याविना फाइलमधल्या आकड्यांना निश्चित रंग उरत नाही. रंगांचे रूपांतर एकाच ठिकाणी व्हावे: एकतर सॉफ्टवेअरमध्ये, नाहीतर रिपमध्ये. दोन्हीकडे झाले की त्वचेचे रंग बिघडतात. रूपांतरात यंत्राच्या आवाक्याबाहेरचे रंग कसे बसवायचे याचे पर्याय सॉफ्टवेअरमध्ये असतात: फोटोंसाठी पर्सेप्च्युअल, बोधचिन्हांसाठी रिलेटिव्ह कलरिमेट्रिक आणि दुसऱ्या प्रेसच्या कागदाचा रंगही दाखवायच्या प्रूफसाठी (छपाईपूर्व नमुन्यासाठी) ॲब्सोल्यूट कलरिमेट्रिक हा पर्याय साधारणपणे योग्य ठरतो.

मराठी मजकुराबाबत एक दक्षता अत्यावश्यक आहे. काळी अक्षरे आरजीबीतून (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीतून) रूपांतरित होऊन चार रंगांत छापली गेली आणि रंगांची जुळणी किंचितही सरकली, तर शिरोरेषा, वेलांटी आणि अनुस्वार यांच्या कडांना रंगीत छटा दिसते, आणि लहान अक्षरांतली जोडाक्षरे तर वाचवत नाहीत. म्हणून मजकूर केवळ काळ्या रंगातच राहील याची रिपमध्ये खात्री करावी.

तसेच झगझगीत भगवा रंग मॉनिटरवर जसा दिसतो तसा चार रंगांच्या छपाईत येत नाही. तो सीएमवायकेच्या आवाक्याबाहेर असतो आणि कोणतीही प्रोफाइल तो आणू शकत नाही. ग्राहकाला छापील नमुना आधीच दाखवावा, किंवा नारिंगी शाईची जोड असलेल्या यंत्रावर काम द्यावे. हे ऑर्डर घेतानाच सांगणे प्रामाणिकपणाचे आहे.

तपासणीसाठी कामाच्या कडेला नियंत्रण पट्टी छापावी. फोग्रा या जर्मन मुद्रण-संशोधन संस्थेच्या प्रचलित पट्टीत ७२ चौकोन असतात. दोन रंगांतले अंतर आकड्यात सांगणाऱ्या डेल्टा ई २००० या सूत्राने फरक सुमारे १ आला, तर तो सरावलेल्या डोळ्यालाही जेमतेम कळतो. प्रत मात्र ५००० केल्विनच्या प्रमाणित डी५० प्रकाशात पाहावी, कारण साध्या ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात. फरक वाढलेला आढळला तर थेट नवी प्रोफाइल बनवायला बसू नये. प्रथम कॅलिब्रेशन करून पुन्हा मोजावे. कॅलिब्रेशन बरोबर साधूनही फरक टिकून राहिला, कागदाचा ब्रँड बदलला किंवा वेगळ्या कंपनीचा टोनर वा शाई घातली, तरच नवी प्रोफाइल बनवावी आणि जुनी रिपमधून काढून टाकावी.