फाइल उघडली, पण तशीच उघडली का? ऑफिसच्या फायली पाठवताना या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोडवरील ज्या टॉवेल कारखान्याच्या कार्यालयात मी काम करतो, तेथे हिशेबाच्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट ऑफिस आहे, डिस्पॅचच्या संगणकावर लिब्रेऑफिस हे तसेच मोफत सॉफ्टवेअर आहे आणि मालक तीच फाइल मोबाइलवर गूगल शीट्समध्ये पाहतात. फाइल उघडलीच नाही तर निदान समोरच्याचा फोन येतो आणि चूक लगेच कळते. खरे नुकसान होते ते फाइल व्यवस्थित उघडते, पण आतला मजकूर किंवा आकडा गुपचूप बदललेला असतो तेव्हा.

आमच्या एका दरपत्रकात सुताच्या काउंटच्या (जाडी सांगणाऱ्या क्रमांकाच्या) रकान्यात २/१० ऐवजी ‘०२-ऑक्टो’ असे छापून गेले होते. साठ्याच्या प्रोग्रॅममधून काढलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) कोणीतरी डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, एक्सेलने काउंटला तारीख समजून बदलले आणि फाइल तशीच सेव्ह झाली. त्याच रकान्याला नंतर ‘टेक्स्ट’ केले तरी २/१० परत येत नाही, कारण आत आता तारखेचा क्रमांक बसलेला असतो. फाइल २०२४ मध्ये उघडली असेल तर तेथे ४५५६७ दिसते. संगणकाची सेटिंग अमेरिकन पद्धतीची असेल तर तोच काउंट १० फेब्रुवारी होतो. लॉट नंबर ००७४ चा नुसता ७४ होतो, तेही याच वाटेने. कोणता रकाना आकड्यांचा आणि कोणता अक्षरांचा, ही माहिती सीएसव्हीमध्ये मुळातच नसते, त्यामुळे उघडणारे सॉफ्टवेअर अंदाज बांधते. म्हणून सीएसव्ही कधीही डबल क्लिकने उघडू नये. एक्सेलमध्ये ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडून काउंट आणि लॉटचे रकाने ‘टेक्स्ट’ करून घ्यावेत. लिब्रेऑफिस कॅल्क उघडण्यापूर्वी स्वतःच एक खिडकी दाखवते. तिच्यात घाईघाईने ‘ओके’ न दाबता रकान्याचा प्रकार आणि कॅरॅक्टर सेट (अक्षरे साठवण्याची पद्धत) तपासावा. मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हे दिसली तर तेथे यूटीएफ-८ ही सर्व लिपींना चालणारी पद्धत निवडलेली नाही असे समजावे. एक्सेलमधून सीएसव्ही पाठवायची असेल तर ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय घ्यावा.

“जुन्या संगणकावरही उघडावी” म्हणून एक्सएलएस या जुन्या प्रकारात सेव्ह करण्याची सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे. त्या प्रकारात एका शीटमध्ये ६५,५३६ ओळी आणि २५६ रकानेच मावतात, तर एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद याच मर्यादेमुळे वेळेवर पुढे गेली नाही. आपल्या वर्षभराच्या बिलांचे तसे होऊ द्यायचे नसेल, तर एक्सएलएस हा प्रकार वापरातून काढून टाकावा.

मराठी मजकुराची अडचण मात्र याहून खोल आहे आणि ती सॉफ्टवेअरच्या आधीपासूनची आहे. अनेक डीटीपी सेंटरमध्ये आजही जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेखन होते. अशा फाइलमध्ये ‘क’ हे अक्षर साठवलेलेच नसते. कृतिदेव या अशाच जुन्या फॉन्टमध्ये त्या जागी इंग्रजी ‘डी’ असतो आणि फॉन्ट त्यावर ‘क’ चे रूप चढवतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर संपूर्ण अर्ज इंग्रजी अक्षरांच्या गचाळ रांगेसारखा दिसतो, आणि शोधायला गेले तर मराठी शब्द सापडत नाही. येथे वर्ड किंवा लिब्रेऑफिस यांचा दोष नाही, आणि सॉफ्टवेअर बदलून काही साधतही नाही. कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि नंतर जोडाक्षरे, रफार व पहिली वेलांटी डोळ्यांखालून घालावी, कारण कन्व्हर्टर नेमका तेथेच चुकतो.

युनिकोड वापरूनही एका पानाचे पत्र दुसऱ्या पानावर सांडते, याचे कारण फॉन्टची अदलाबदल. विंडोजवरचा मंगल हा फॉन्ट लिनक्सवर नसेल तर दुसरा फॉन्ट बसतो, ओळीची उंची बदलते आणि सहीची जागा पुढच्या पानावर जाते. शिवाय इंग्रजी आणि देवनागरी यांचे फॉन्ट व आकार फाइलमध्ये वेगवेगळे नोंदवलेले असतात, म्हणून एकाच ओळीत मराठी १४ आणि इंग्रजी १२ असे दिसू शकते. स्टाइलमध्ये दोन्ही आकार तपासावेत. दोन्हीकडे नोटो सॅन्स देवनागरी हा मोफत फॉन्ट टाकला की ही कटकट बरीचशी मिटते. इंग्रजी पत्रांसाठी कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो चालतो, कारण त्याच्या अक्षरांची रुंदी तंतोतंत तेवढीच ठेवलेली आहे.

फाइलच्या नावातील ओडीटी (लिब्रेऑफिसचा प्रकार) खोडून डॉकएक्स (वर्डचा प्रकार) लिहिल्याने फाइलचा प्रकार बदलत नाही, फक्त नाव बदलते. त्यासाठी ‘सेव्ह अ‍ॅज’च लागते. ओडीटी ज्यात मोडतो त्या ओडीएफला आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची मान्यता २००६ मध्ये आणि डॉकएक्स ज्यात मोडतो त्या मायक्रोसॉफ्टच्या ओओएक्सएमएलला २००८ मध्ये मिळाली. हे दोन वेगळे साचे आहेत आणि प्रत्येक फेरीत एकाचे दुसऱ्यात भाषांतर होते. तीच फाइल चार वेळा इकडून तिकडे गेली की तक्त्यांच्या कडा, क्रमांकन आणि चौकटी हळूहळू ढासळू लागतात. म्हणून मूळ प्रत एकाच सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या स्वतःच्या प्रकारात ठेवावी आणि दुसऱ्याला देण्यापुरतीच वेगळी प्रत काढावी.

मॅक्रो (फाइलमध्येच साठवलेल्या, आपोआप चालणाऱ्या सूचना) असलेल्या फायली दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालतील असे गृहीत धरू नये. एका रकान्यात शोधून जुळणारी नोंद आणणारे एक्सेलचे एक्सलुकअप हे सूत्र लिब्रेऑफिसमध्ये २४.८ या आवृत्तीपासूनच आले. त्याआधीच्या आवृत्तीत जुने उत्तर काही वेळ तसेच दिसत राहते आणि नव्याने गणित झाले की तेथे चूक दाखवली जाते.

आता आमच्याकडून फक्त वाचायची कागदपत्रे पीडीएफ करूनच जातात. ज्यात समोरच्याला भर घालायची आहे, त्या शीटच्या मेलमध्ये एकूण ओळी आणि शेवटची बेरीज लिहिलेली असते, आणि फाइल हिशेबाच्या संगणकावरून निघण्यापूर्वी डिस्पॅचच्या संगणकावर एकदा उघडून ते दोन आकडे जुळवले जातात.