इंजिनिअरिंगची शाखा निवडताय? या चुका टाळा

सीईटीचा निकाल लागला की सोसायटीतली, नात्यातली मुलं ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-शाखांच्या पसंतीची यादी, घेऊन माझ्याकडे येतात. सोबत आईवडील, गेल्या वर्षीच्या कटऑफची झेरॉक्स आणि ठरलेला प्रश्न: "सध्या कशाला स्कोप आहे?" पंधरा वर्षं ऐकतोय. घात करतो तो त्यातला 'सध्या' हा शब्द. आज प्रवेश घेणारं मूल नोकरीच्या दारात उभं राहणार चार वर्षांनी.

२०१३ साली शेजारचे काका मुलाला घेऊन आले होते. कच्च्या तेलाचा भाव तेव्हा पिंपाला शंभर डॉलरच्या वर. पेट्रोलियम इंजिनिअरांच्या पगाराचे आकडे ऐकून काकांचं मन पक्कं झालं होतं. मुलाला मेकॅनिकल हवं होतं. सुट्टी लागली की तो भोसरीला मामाच्या वर्कशॉपमध्ये लेथजवळ दिवस काढायचा. व्हर्नियर हातात घेतला की जॉब दोन-दोनदा मोजायचा, मामाने सांगितलं नसलं तरी. मी म्हटलं, "काका, तेलाचा भाव आपल्या हातात नाही." फॉर्म पेट्रोलियमचाच गेला. २०१४ च्या मध्यापासून भाव घसरला आणि जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरच्या खाली आला. तेल कंपन्यांनी जगभर माणसं कमी केली. २०१७ ला पोरगा चांगल्या मार्कांनी पास झाला, तेव्हा कॅम्पसला कंपन्याच फिरकल्या नाहीत. दीड वर्ष घरी काढलं, मग पायपिंग डिझाइनचा कोर्स करून कसाबसा लागला. विषय निघाला की काका अजून गप्प होतात.

हेच पुढे कॉम्प्युटरच्या बाबतीत पाहिलं. २०२१ मध्ये आयटी कंपन्या धडाधड माणसं घेत होत्या. दोन वर्षांत भरती आटली. ऑफर लेटर हातात असलेली मुलं जॉइनिंगची वाट बघत महिनोन्महिने घरी होती. आता गुजरातेत धोलेऱ्याला चिपचा कारखाना उभा राहतोय म्हणून व्हीएलएसआयची, म्हणजे चिप डिझाइनच्या शाखेची, चौकशी सुरू झालीय. चूक तीच. या शाखा घेऊच नका असं मी म्हणत नाही. कोड लिहायला बसल्यावर ज्याला जेवणाची आठवण राहत नाही, त्याने कॉम्प्युटरच घ्यावं.

माझी पद्धत सांगतो. पहिलं वर्ष बहुतेक शाखांना जवळपास सारखंच असतं, म्हणून मी दुसऱ्या वर्षाचा सिलॅबस काढायला लावतो. कॉम्प्युटरचं डेटा स्ट्रक्चर्स, मेकॅनिकलचं थर्मोडायनॅमिक्स, इलेक्ट्रिकलचं नेटवर्क अ‍ॅनालिसिस. एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांची व्हिडिओ लेक्चर्स मिळतात त्या साइटवर, प्रत्येकाची पहिली दोन-तीन लेक्चर्स फुकट बघायची आणि वही घेऊन एक तरी उदाहरण सोडवायचं. सगळं समजणार नाही, पण कुठे कंटाळा आला आणि कुठे पान उलटावंसं वाटलं, ते नक्की कळतं. याला आठवडा लागतो. मुलांना तेवढाही धीर नसतो: "काका, तुम्हीच सांगा ना पटकन!" चार वर्षांचा निर्णय दहा मिनिटांत करून द्यायला मी तयार नाही, मग कुणाला राग आला तरी चालेल.

काही जण नामांकित कॉलेजच्या मागे असतात: "आधी पुण्याच्या सीओईपी नाहीतर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिरू, शाखा नंतर बदलू." शाखा बदलायची ती रिकाम्या जागांवर, पहिल्या वर्षाच्या गुणांनुसार, आणि अशा जागा मोजक्याच. हाती आलेली शाखा चारही वर्षं शिकायची तयारी असेल तरच जा.

फ्लेक्सवरचं 'हायेस्ट पॅकेज' एका मुलाचं असतं. त्या शाखेतल्या किती जणांनी प्लेसमेंटसाठी नाव दिलं, किती लागले आणि मीडियन, म्हणजे बरोबर मधल्या मुलाचा पगार, किती, हे विचारा. कॉलेजने एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीला, दिलेले आकडे त्यांच्या साइटवर सापडतात. शाखेपुरतं खरं चित्र शेवटच्या वर्षाची मुलं सांगतील.

सरकारी नोकरी डोक्यात असेल तर लांबलचक नावाच्या नव्या शाखेत शिरण्याआधी जुन्या जाहिरातीतली शैक्षणिक अर्हता वाचा. जलसंपदा, बांधकाम विभागाला सिव्हिल लागतं, महावितरणला इलेक्ट्रिकल. पदवीवरच्या नावावरून अर्ज अडतात.

"मुलीला मेकॅनिकल नको" हे तर मी ऐकूनच घेत नाही.

राहिला फॉर्म. पर्याय आवडीच्या क्रमाने भरा, कटऑफच्या नाही. वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्यावरचा तुमचा हक्क जात नाही. मात्र प्रवेशाच्या पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो आपोआप फ्रीज, म्हणजे पक्का, होतो आणि पुढच्या फेऱ्या बंद. कन्फर्म करण्याआधी मी प्रिंट काढायला लावतो. आई एकेक ओळ मोठ्याने वाचते आणि विचारते, "हे मिळालं तर जाशील?" मूल जिथे अडखळतं, ती ओळ मी पेनने खोडतो.