मटेरियल बॅलन्स: तेलाचा साठा चुकवणाऱ्या या चुका टाळा

कोल्हापूरच्या पायाखाली काळा बेसॉल्ट. बोअर मारली तर पाणी लागेल, तेल नाही. तरी इथली पोरं गेटचा पेट्रोलियम पेपर देतात. त्यात मटेरियल बॅलन्स असतं, म्हणजे किती तेल काढलं आणि दाब किती उतरला यावरून जमिनीखालचा साठा काढायचं गणित. त्यांच्या वह्यांत बीजगणित चोख असतं, साठा मात्र भलताच निघतो.

पहिली चूक पाण्याची. रंकाळ्यातून किती पाणी उपसलं आणि पातळी किती उतरली, यावरून तळं केवढं याचा अंदाज बांधता येईल. पण उपसा चालू असताना एखादा ओढा गुपचूप भर घालत असेल, तर पातळी कमी उतरते आणि तळं आहे त्याहून मोठं वाटतं. साठ्याखालचा अ‍ॅक्विफर, म्हणजे पाण्यानं भरलेला खडकाचा थर, हेच करतो. मटेरियल बॅलन्सच्या शिल्थुइसनं 1936 मध्ये मांडलेल्या समीकरणात या पाण्याला जागा आहे. तिथं सवयीनं शून्य टाकू नका. एकूण उपसा भागिले प्रसरण (दाब उतरल्यावर साठ्यातला माल किती फुगतो ते), हा आकडा उत्पादनासमोर मांडून बघा. रेषा आडवी राहिली तर ठीक, वर चढली तर बाहेरून रेटा येतोय.

बबल पॉइंटच्या वर, म्हणजे तेलातून गॅस सुटायला लागतो त्याहून जास्त दाबावर, खडक विसरला जातो. समजा 10 लाख बॅरल तेल काढलं, दाब 1000 पीएसआय (दाबाचं एकक) उतरला. तेलाची संपीड्यता (दाबानं आकारमान किती बदलतं ते) दर पीएसआयला दहा लाखांत 10 भाग, खडकाची 4, पाण्याची 3, आणि छिद्रांत 20 टक्के पाणी. नुसतं तेल धरलं तर साठा 10 कोटी बॅरल. तिन्ही धरले तर परिणामी संपीड्यता 15.75 होते आणि साठा साधारण 6.35 कोटी! ‘खडक कुठं दबतोय’ म्हणणाऱ्यानं हे गणित एकदा हातानं करावं.

दाबाच्या बाबतीत उलटं होतं. चालू विहिरीच्या तळाचा दाब सरासरी म्हणून घेतला, की घट जास्त दिसते आणि साठा आटतो. विहीर बंद ठेवून घेतलेले बिल्ड-अपचे दाबच वापरा, तेही एकाच खोलीवर आणून. गॅस-ऑइल रेशो, म्हणजे तेलामागे किती गॅस निघाला ते प्रमाण, मात्र आजचा नको, सुरुवातीपासूनचा एकत्रित हवा.

‘सर, रेषा एक नंबर आलीया!’ हॅव्हलेना-ओडेह पद्धतीत हेच समीकरण सरळ रेषेच्या रूपात मांडतात, पण तीन बिंदूंवर रेषा कुणाचीही सरळ येते. दाब 30 पीएसआय उतरलाय आणि मोजमापातच 15 चा फरक आहे, अशा वेळी साठ्याचा आकडा काढूच नये. व्हॉल्यूमेट्रिक आकडा, म्हणजे खडकाच्या आकारमानावरून काढलेला साठा, हाताशी ठेवा आणि पुढच्या बिल्ड-अपची वाट बघा.